चौदा मणी



हातात जपमाळ असेल तर पुढे वाचण्याआधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवा. मणी सगळे सारखे लागतात का बघा. मी जन्मभर या सारखेपणाच्याच मागे लागलो होतो. त्यापायी हातून एक अपराध घडला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

पिरंगुट आणि पौड यांच्या दरम्यान भरे हे आमचं गाव. मुळशी तालुका भाताचा. घरोघरी माळकरी असले तरी आषाढीला सगळ्यांना निघता येत नाही, कारण पालख्या चालू लागतात तेव्हाच खाचरात आवणीची घाई असते. रोप कुणासाठी थांबत नाही. कार्तिकात भात घरात आलं की मग पाय आळंदीकडे वळतात.

मी 31 वर्षं कारखान्यात टर्नर होतो. निवृत्त झालो तेव्हा भंगारात निघालेला एक जुना लेथ विकत घेतला, लाकडासाठी दुरुस्त केला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. हळूहळू दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ जण जमू लागले. या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. पखवाजाचे गठ्ठे, वीणेच्या खुंट्या, कुणाच्या घरचं लाटणं आणि तुळशीचे मणी, एवढंच आमचं काम. काम आटोपलं की हातपाय धुऊन हरिपाठ. नियम एकच कडक: लेथसमोर उभं राहताना उपरणं खुंटीला आणि गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत. फिरत्या लाकडात माळ अडकली तर मानेवर बेतेल.

हे कातकाम आपल्याकडे जुनंच आहे. सावंतवाडीची लाकडी फळं, खेळणी तुम्ही पाहिली असतील. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यानपिढ्या तुळशीच्या माळा करत आली आहेत. लंडनमध्ये कातकाम करणाऱ्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली ती 1604 साली, आणि अमेरिकेत त्यांची देशभरची संघटना 1986 साली उभी राहिली. तिकडच्या बैठकीत प्रत्येक जण आपलं काम टेबलावर मांडतो आणि बाकीचे ते हातात घेऊन गुणदोष सांगतात. आमच्यातल्या एका पोराने हे मोबाइलवर दाखवलं. आम्हीही ती रीत उचलली. फक्त आमच्याकडे दोष सांगणारा मी एकटाच होतो.

तुळशीचं लाकूड नाजूक. ओलं असताना कातलं तर वाळताना तडकतं, म्हणून काड्या सावलीत महिनोन् महिने वाळवायच्या. साल काढायची, तुकडे करायचे, मधोमध बारीक भोक पाडायचं. इथे घाई केली की तुकडा चिरला म्हणून समजा. मग तो लेथवर फिरवून पटाशीने गोल करायचा आणि पॉलिश पेपर लावायचा. मी प्रत्येक मणी व्हर्नियरने मोजत असे. जरा कमीजास्त भरला की बाद.

दोन वर्षांपूर्वी गावातले एक आबा वाळलेली तुळस घेऊन आले. मुळासकट उपटलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. त्यांच्या मंडळींनी वृंदावनात लावलेली ती तुळस. त्या गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तीही वाळली. दोघांनी मिळून पंढरीला जायचं हे चाळीस वर्षं ठरत होतं आणि दर आषाढात आवणी आडवी येत होती. आबा एवढंच म्हणाले, "मिस्त्री, हिची जपमाळ करा. तिला घेऊन जायचंय."

तुकडे त्यांनी स्वतः बसून कापले. काड्या बारीक, गाठाळ. मी आठवडाभरात मणी काढले आणि पुढच्या गुरुवारी त्यांच्या ओंजळीत ठेवले. त्यांनी तिथेच मोजले. म्हणाले, "सदुसष्ट हैत. मी एक्याऐंशी दिले व्हते."

मी सहज सांगितलं, "चौदा बाद झाले, आबा. वाकडे होते."

"मग कुठं हैत ते?"

माझ्या पोटात धस्स झालं. बाद माल मी नेहमीप्रमाणे भुशाच्या खोक्यात टाकला होता आणि तो भुसा आमच्या घरी पाण्याच्या बंबात जातो. आबा खाली बसले आणि शेडमधला भुसा हाताने चाळू लागले. "चितेवर तुळशीचं लाकूड घातलं, तेवढं जळालं," ते मान खाली घालूनच बोलले. "हे जळाया नको व्हतं." बाकीचेही एकेक करून खाली बसले. त्या दिवशी हरिपाठ झाला नाही.

रात्री घरी जाऊन मी बंबाशेजारचं पोतं अंगणात ओतलं. बायकोने बॅटरी धरली. पहाटेपर्यंत अकरा मणी सापडले. तीन गेले होते. मी राख चाळली, पण राखेत काय मिळणार!

सकाळी आबांच्या दारात उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. ते बराच वेळ वृंदावनाकडे बघत बसले. मग म्हणाले, "तीन तिच्यापाशी गेले म्हणायचं."

माउली, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

पुढच्या गुरुवारी मंडळातले सहा जण न सांगता आपापल्या घरच्या तुळशीची काडी घेऊन आले. आमचे अठ्ठ्याहत्तर होते. प्रत्येकाचे पाच-पाच मणी धरून एकशे आठ भरले. मेरुमणी आबांनी स्वतः कातला, त्यांच्या तुळशीच्या मुळातून. नांगर धरलेला हात, पटाशी कधी धरलेली नव्हती. मी मागे उभा राहून फक्त मनगटाला आधार दिला. मेरुमणी एका अंगाला चपटा झाला. मी व्हर्नियर खिशातून काढलं नाही.

त्या कार्तिकात आम्ही चालत आळंदीला गेलो. वद्य एकादशीला इंद्रायणीच्या घाटावर आबा माळ ओढत बसले होते. मी शेजारी टेकलो आणि धीर करून विचारलं, "वाकडे मणी बोटाला टोचत नाहीत ना?"

"टोचत न्हाईत, थांबिवत्यात," ते म्हणाले. "गुळगुळीत माळंवर बोट घसरत जातं, अन् नाव तोंडात ऱ्हातं पर मन खाचरात. हिचा मणी आला की बोट थांबतं. मग नाव नीट येतं."

मी माझी माळ बाहेर काढली. माझ्याच हातची, सगळे मणी मापात. ती किती वर्षं नुसती घसरत होती, ते मला त्या घाटावर कळलं. गोरोबाकाका चिखल तुडवताना विठ्ठलात बुडाले होते, हे कीर्तनात कितीदा ऐकलं होतं. मी मात्र माझ्या मापातच बुडालो होतो.

पुढच्या आषाढात आबांनी खाचर पुतण्याच्या हवाली केलं आणि माळ घेऊन पंढरी गाठली. शेड चालू आहे. पखवाजाचे गठ्ठे मी अजूनही मोजून देतो, तिथे माप लागतंच. मणी मोजत नाही. आणि भुसा पोत्यात भरण्याआधी दर गुरुवारी आम्ही सगळे मिळून तो एकदा चाळून घेतो.

राम कृष्ण हरी.