गोळीला कोट, हाताला साबण

"माझा मामा घरी बुलेट बनवतो," असं मी होस्टेलवर सांगितलं तेव्हा मेकॅनिकलच्या पोरांचा पहिला प्रश्न होता, "साडेतीनशे सीसी का पाचशे?" मित्रांनो, ती बुलेट नाही! ही बंदुकीची गोळी. खरीखुरी, शिशाची, रायफलमधून उडणारी.

आधी एक खुलासा. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठीत शेवटचं सलग काही लिहिलं ते दहावीच्या पेपरात. त्यामुळे 'मराठी विभागात लिही' म्हटल्यावर शब्द शोधायची वेळ आली. मोल्डला साचा म्हणतात हे आठवलं. स्प्रूला काय म्हणतात ते आमच्या फाउंड्रीच्या सरांनाही सुचलं नाही, म्हणून तो तसाच ठेवलाय. सांभाळून घ्या.

मामा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. आपल्याकडे रविवारी लोक क्रिकेट खेळतात, तसा तो रविवारी रेंजवर जाऊन शंभर यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर नेम धरतो. तिथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या बनवायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही; विकायच्या असतील तर लागतं. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर मी सुट्टीत त्याच्याकडे गेले आणि गॅरेजमध्ये बघते तर काय, आपली अख्खी फाउंड्री शॉप!

फरक एवढाच, की आपण वर्कशॉपमध्ये वाळूत साचा करतो आणि मामाचा साचा अ‍ॅल्युमिनियमचा, पकडीसारख्या दांड्यांचा, दोन भागांत उघडणारा. विजेच्या भांड्यात शिसं वितळवायचं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, मामा साधारण ३७० अंशांवर काम करतो. नुसतं शिसं फार मऊ असतं, नखानंसुद्धा ओरखडा उठतो. म्हणून त्यात अँटिमनी घालतात कडकपणासाठी, आणि थोडं कथिल घालतात म्हणजे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. आपल्या मटेरियल सायन्सच्या पेपरातला 'अ‍ॅलॉइंग एलिमेंट्सचे परिणाम' हा पाच मार्कांचा प्रश्न तिथे जिवंत उभा होता.

कच्चा माल म्हणजे गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती जुनी वजनं. त्यात हल्ली जस्ताची वजनंही मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे तापमान ताब्यात ठेवलं तर ते वर तरंगतं आणि चमच्यानं काढून टाकता येतं. तापमान चढलं की ते शिशात विरघळतं आणि मग गोळ्या धड भरत नाहीत, भांडंभर माल वाया! रस ओतला, वरचा स्प्रू कापला, साचा उघडला की चकचकीत गोळी टपकन टॉवेलवर पडते. मामा सारखा ओरडायचा, "पाण्याची बाटली लांब ठेव!" वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब जरी अडकला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं चारी दिशांना उडतं. म्हणून ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल आणि चामड्याचे हातमोजे.

आता पावडर कोटिंग. आपल्याकडे एमआयडीसीत कपाटं, गेट, ग्रिल यांना करतात तेच. रायफलच्या नळीत पिळाचे आटे असतात. मऊ शिशाची गोळी त्यातून वेगानं जाताना आपलं थोडं शिसं नळीला चोपडून जाते, आणि मग नेम बिघडतो. कारखान्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर यासाठी तांब्याचं आवरण असतं. घरी गोळ्या करणारे लोक पूर्वीपासून गोळीच्या खाचांत मेण-चरबीचं वंगण भरत आले. पावडर कोटिंग हा त्यावरचा नवा उपाय. मामाकडे स्प्रे गनही नव्हती. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या, चमचाभर पॉलिएस्टर पावडर आणि खेळण्यातल्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे छर्रे टाकायचे आणि डबा गोल गोल हलवायचा. घर्षणानं स्थिर विद्युतभार तयार होतो आणि पावडर गोळीला चिकटते. केसांना फणी घासून कागदाचे कपटे उचलायचा सातवीतला प्रयोग! मग छोट्या ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांना वीस मिनिटं. (हा ओव्हन फक्त गोळ्यांचा. त्यात परत कधी केक नाही!) बाहेर येतात त्या लाल, निळ्या, हिरव्या, अगदी जेम्सच्या गोळ्यांसारख्या.

आणि नेमकं तिथेच मामीचं डोकं फिरलं.

माझा मामेभाऊ चार वर्षांचा. घरात सगळे त्याला छोटू म्हणतात. त्याला गॅरेजमध्ये यायची बंदी होती, पण गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायला तर मामाला बंदी नव्हती ना! मामाचं म्हणणं, "अगं, कोटिंगमुळेच तर सेफ झालंय. आता गोळी हातात घेतली तरी शिसं हाताला लागत नाही." मामी म्हणाली, "गोळ्यांना कोट घातलास, तुझ्या हातांना कोणी घातला?"

यावर मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, म्हणून मी वाचायला बसले. मला वाटत होतं धोका वाफेचा. पण शिसं उकळतं १७४९ अंशांना, ३७० अंशांवर त्याची वाफ अगदी थोडी. खरा धोका बारीक धुळीचा. रसावर येणारी राखाडी मळी काढताना ती उडते. हाताला, बुटाला, बाहीला लागते आणि बोटांवरून तोंडात जाते. शिवाय रेंजवर प्रत्येक बारानंतर हवेत शिसं येतंच, कारण बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्येच लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. पावडर कोटिंग यातलं काहीच थांबवत नाही. कोट चढतो तो सगळी धूळ होऊन गेल्यानंतर.

मामीनं दुकानातून शिसं ओळखणाऱ्या काड्या आणल्या. ओली काडी घासायची, शिसं असेल तर गुलाबी होते. भांड्याजवळ गुलाबी झाली, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पण गॅरेजच्या दाराची मूठ गुलाबी, गाडीचं स्टिअरिंग गुलाबी, आणि मामाच्या बुटाचा तळवा तर चांगलाच गुलाबी. त्याच बुटांनी तो हॉलच्या कार्पेटवरून जायचा, आणि त्याच कार्पेटवर छोटू लोळायचा. मामा त्या काडीकडे बघत बराच वेळ गप्प बसला. एवढा गप्प मी त्याला कधी पाहिला नव्हता.

छोटूचं रक्त तपासलं. आकडा आला ४.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं मुलांसाठीचा संदर्भ आकडा २०२१ मध्ये ५ वरून ३.५ वर आणला. म्हणजे त्याआधी हाच रिपोर्ट 'ठीक आहे' म्हणून फायलीत गेला असता. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. म्हणाले, शिसं कुठून येतंय ते बंद करा आणि तीन महिन्यांनी परत तपासा.

मामानं छंद सोडला नाही, पण भांडं, साचे, ओव्हन सगळं अंगणाच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये नेलं. तिथले बूट तिथेच, कपडे वेगळे धुवायचे, कोरडा झाडू बंद आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. आधी हात धुणं, मग घर. कार्पेट उचकटून टाकलं. मी परत आल्यावर मामीचा फोन आला, आकडा २.६. मी म्हटलं, "वा! सुटलो." ती म्हणाली, "शून्य होईल तेव्हा म्हण."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत, आपला काय संबंध? बरोबर आहे, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी रूमवर प्रयोग करू नये! पण शिसं आपल्याकडे दुसऱ्या दारानं येतं. इन्व्हर्टर आणि गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या घरीही छोटू आहेत. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम आहेत. ते पाळायचे तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानात परत द्यायची. एवढं तर आपल्याला जमेल?

आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, लॅबमधली ६०-४० ची सोल्डर वायर असते ना, त्यातले चाळीस टक्के शिसं असतं. प्रोजेक्टच्या घाईत ती दातात धरून दोन्ही हातांनी पीसीबी सांभाळणारे महाभाग मी याच डोळ्यांनी पाहिलेत. तिथून थेट कँटीन, आणि त्याच हातानं वडापाव. लॅबच्या बेसिनवर साबण नसतो ही तक्रार मी लेखी दिली आहे. तुम्हीही द्या. दहा अर्ज गेले तर साबण येईल. तोवर आपापली वडी खिशात ठेवा.