पुणे-नाशिक: कनेक्शन एरर

ऑनलाइन खेळताना पडद्यावर ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ अशी पाटी आली, की आपला पहिला संशय सर्व्हरवर जातो. गेल्या पावसाळ्यात माझ्या प्लेस्टेशनवर ही पाटी सारखी यायला लागली. तिचा पिच्छा पुरवताना एक गोष्ट मला पक्की कळली: ती पाटी काहीतरी अडलंय एवढंच सांगते, कुठे अडलंय हे सांगत नाही. ते ठिकाण आपण शोधायचं असतं, आणि ते सापडल्याशिवाय केलेले सगळे उपाय अंधारात चाचपडणं ठरतात.

मी पुण्यात कोथरूडला राहते आणि माझा मावसभाऊ नाशिकला. जेवणं उरकली की आम्ही दोघं एक फायटिंग गेम खेळतो. मावशी गेल्यापासून तो घरी एकटाच असतो. फोन केला की ‘बरं आहे’ याच्या पुढे बोलणं जात नाही. पण खेळताना हेडफोनवर तो मोकळा होतो. ऑफिस, डब्बा, भाड्याच्या घराची कटकट, आईची आठवण, सगळं दोन फेऱ्यांच्या मधे निघतं. त्यामुळे सामना जुळेना तेव्हा माझा जीव खेळापेक्षा त्या गप्पांत जास्त अडकला होता, कारण पार्टी चॅटही त्याच वेळी बंद पडली होती.

दोघांकडेही फायबरचं कनेक्शन. स्पीड टेस्ट लावली की शंभर एमबीपीएस दिसायचे. सिनेमा कुठे अडखळत नव्हता, गेमचे अपडेट झरझर उतरत होते. गेममधल्या एका रूममध्ये आम्ही दोघं आलो, की मात्र काही सेकंद चक्र फिरायचं आणि एरर यायचा.

सुरुवात मी लांबच्या टोकापासून केली. नेटवर्क खरोखरच बंद असेल तर घरात काही करण्यात अर्थ नसतो. असे दिवस येऊन गेलेत. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर घुसखोरी झाली, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जवळपास चोवीस तास ठप्प होती. म्हणून आधी कंपनीचं सर्व्हिस स्टेटसचं पान उघडलं. सगळं हिरवं होतं.

मग मी दुसरा एक खेळ लावला, फुटबॉलचा. त्यातले ऑनलाइन सामने तो खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतात. तो बिनतक्रार चालला आणि शोधाची दिशाच ठरली. फुटबॉलच्या खेळात माझा कन्सोल सर्व्हरशी बोलतो आणि समोरच्याचा कन्सोलही त्याच सर्व्हरशी. फायटिंग गेममध्ये सर्व्हर फक्त जोडी जुळवून देतो. पुढे दोन कन्सोल एकमेकांशी थेट बोलतात. म्हणजे सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी होती, कोथरूड ते नाशिक ही थेट वाट बंद होती.

कन्सोलवर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस असं जाऊन इंटरनेटची चाचणी घेतली. आयपी ॲड्रेस मिळाला, इंटरनेट मिळालं, साइन-इन झालं. त्याखाली ओळ होती: नॅट टाइप ३.

सगळं दुखणं या ओळीत होतं. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप, कन्सोल हे सगळे बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. राउटर करतो ती ही पत्त्यांची अदलाबदल म्हणजेच नॅट. आतून कोण बाहेर गेलं याची नोंद राउटर ठेवतो आणि तेवढ्याचंच उत्तर आत सोडतो. न बोलावता आलेलं पॅकेट दारातच टाकून दिलं जातं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आतून निरोप असल्याशिवाय कोणाला वर सोडत नाही, तसं. सिनेमा, वेबसाइट, फुटबॉलचा सर्व्हर यांना आपण आतून हाक मारतो, म्हणून ते चालतात. नाशिकचा कन्सोल माझ्या राउटरच्या दृष्टीने अनोळखी, आणि माझा कन्सोल त्याच्या राउटरच्या दृष्टीने.

यावर गेमवाल्यांनी तोड काढलेली आहे. दोन्ही कन्सोल आधी एका मधल्या सर्व्हरला विचारतात, ‘मी बाहेरून कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर दिसतो?’ ही चौकशी सहसा ३४७८ या पोर्टवरून होते. मिळालेले पत्ते एकमेकांना कळवले जातात आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. दोन्ही राउटरना वाटतं, आपल्याच माणसाने आधी हाक मारली होती, आणि दोन्हीकडे वाट मोकळी होते. मात्र काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट देतात. मग मधल्या सर्व्हरने सांगितलेला पोर्ट नाशिकसाठी निरुपयोगी ठरतो. दोन्ही बाजूंना असं असेल तर भेट होणं जवळजवळ अशक्य. प्लेस्टेशनवर टाइप १ म्हणजे थेट कनेक्शन, २ म्हणजे राउटरमागे पण चालतंय, ३ म्हणजे कडक पहारा. एक्सबॉक्सवर यालाच ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट म्हणतात.

मग मी राउटरचं पान उघडून बसले. स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहिला, तर तो १९२.१६८ ने सुरू होत होता. हा घरातल्या घरात वापरायचा पत्ता, बाहेरच्या बाजूला तो दिसायलाच नको. कारण उघड होतं. कनेक्शनबरोबर मिळालेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःही राउटरचंच काम करत होता आणि माझा राउटर त्याच्या मागे. एका घरात दोन नॅट. केबल काढून लॅपटॉप थेट ओएनटीला लावला, त्याचं पान उघडलं. तिथला वॅन आयपी १०० ने सुरू होत होता, पुढचा आकडा ऐंशीच्या घरातला. फोनच्या ब्राउजरमध्ये माझा बाहेरचा आयपी शोधला, तर तो १०३ ने सुरू होणारा, वेगळाच. म्हणजे ओएनटीच्याही पुढे, इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात, तिसरा नॅट होता.

या १०० च्या आकड्यामागे इतिहास आहे. इंटरनेटचे जुने, आयपीव्ही४ पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा वाटाही तळाला गेला. ग्राहक मात्र वाढतच होते. मग एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देण्याची पद्धत रूढ झाली, आणि एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा खास त्यासाठी राखून ठेवला गेला. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरचा वॅन आयपी या पट्ट्यात असेल, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, उपयोग नाही. बाहेरून न बोलावता आलेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. डीएनएस बदलूनही यात काही फरक पडत नाही. डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो. साइन-इन किंवा डाउनलोड अडत असेल तर त्याचा गुण येऊ शकतो, नॅटला तो हात लावत नाही.

स्वतःचा बाहेरचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, मागायला इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, तर प्रत्येक वेळी एकच प्रश्न: ‘मॅडम, स्पीड बरोबर येतोय ना?’ शेवटी तक्रार नोंदवून घेतली आणि एक तरुण टेक्निशियन घरी आला. त्याने आल्या आल्या स्पीड टेस्ट लावली.

‘मॅडम, फुल स्पीड आहे.’

‘स्पीडची तक्रारच नाही, दादा. मला पब्लिक आयपी हवाय.’

‘कॅमेऱ्यासाठी का?’

‘नाही, गेमसाठी.’

त्याने ओएनटीचा आयपी पाहिला, माझा राउटर पाहिला आणि पुढचं मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. ‘सीसीटीव्हीवाले स्टॅटिक आयपी घेतात, तोच तुम्हाला लागेल. त्याचे महिन्याला वेगळे पैसे पडतात. आणि हा ओएनटी ब्रिजला टाकतो, म्हणजे एकच राउटर राहील.’ त्याने ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकला, कनेक्शनच्या लॉगिनचं, म्हणजे पीपीपीओईचं, यूजरनेम आणि पासवर्ड माझ्या राउटरमध्ये भरून घेतले. तरी कनेक्शन लागेना. त्याने ऑफिसला फोन लावला: ‘अरे, मॅक रीसेट कर, राउटर बदललाय.’ जुन्या डब्याशी बांधलेलं खातं सुटलं आणि इंटरनेटचा दिवा लागला. कस्टमर केअरमध्ये कोणालाच न कळलेली गोष्ट या मुलाला पत्ता बघताच कळली. त्याच्यासारख्या माणसांच्या जिवावर आपली घरं जोडलेली राहतात, हे मला आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

स्टॅटिक आयपी चालू झाल्यावर राउटरच्या पानावर आणि फोनवर एकच पत्ता दिसला. राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलं, म्हणजे कन्सोलला लागतील ते पोर्ट तो स्वतः मागून घेतो. कन्सोल बंद करून चालू केला, चाचणी घेतली. नॅट टाइप २.

नाशिकला फोन लावला. भावाकडे अजून टाइप ३ च होतं. तो म्हणाला, ‘ताई, आता माझ्याकडेही हे सगळं करावं लागणार?’ मी म्हटलं, आधी सामना लावून बघू. सामना जुळला, आवाजही आला. एका बाजूचा पत्ता आणि पोर्ट बाहेरून नीट दिसत असेल, तर दुसऱ्याने आतून हाक मारली की पुरतं. त्याचे दर महिन्याचे जास्तीचे पैसे वाचले.

जोडणी झाली तरी खेळ मधूनच झटके खात होता. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. आजचे चांगले फायटिंग गेम रोलबॅक पद्धत वापरतात; टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरमुळे ती सर्वदूर पोचली. समोरच्याने कोणतं बटण दाबलं असेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे जातो, अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतो. ठरावीक उशीर ही पद्धत छान सांभाळते. उशीर सारखा कमी-जास्त झाला, की दुरुस्त्या डोळ्यांना दिसू लागतात. वायफायवर नेमकं तेच होतं, त्यातून शेजारच्या सगळ्या फ्लॅटची वायफाय एकमेकांत मिसळलेली. मी दाराच्या चौकटीवरून लॅन केबल कन्सोलपर्यंत नेली, भावानेही तेच केलं. त्यानंतर त्याची लाथ आणि माझा बचाव जिथल्या तिथे पडायला लागले.

आता कोणी विचारलं, तर मी हाच क्रम सांगते. आधी सर्व्हिस स्टेटस. मग सर्व्हरवर चालणारा खेळ आणि थेट जोडणीचा खेळ, दोन्ही लावून फरक बघा. मग नॅट टाइप, मग राउटरचा वॅन आयपी. फक्त दुहेरी राउटर असेल तर ब्रिज मोड पुरेल. १०० चा पट्टा दिसला तर इंटरनेट कंपनीशी बोलावंच लागेल. घाईघाईने घरातली उपकरणं डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या पहाऱ्याबाहेर, टाकू नका, त्याने लॅपटॉपसारख्या वस्तू उघड्या पडतात.

प्लॅनच्या जाहिरातीत एमबीपीएसचा आकडा ठळक असतो. पत्ता आपला की शंभर घरांत वाटलेला, हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. मला हे चुकीचं वाटतं. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांची टंचाई नाही आणि त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, पण सगळे खेळ आणि सगळी घरं तिथवर पोचलेली नाहीत. तोवर कनेक्शन देणाऱ्याने ही गोष्ट आधीच सांगायला हवी. लांब राहणाऱ्या भावंडांसाठी, मित्रांसाठी ती थेट वाट फार मोलाची असते. नवं कनेक्शन घेताना स्पीडच्या बरोबरीने हा प्रश्न विचारा: पब्लिक आयपी मिळेल का, आणि किती पैशांत? उत्तर लेखी घ्या.