कपावरचं नाव

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची शाळेच्या फुटबॉल संघात निवड झाली. स्पर्धा, सुब्रतो कप. कोल्हापुरात याची फोड करून सांगावी लागत नाही. इथं पेठेपेठेत तालमी आणि तालमींचे फुटबॉल संघ. पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी मॅच असली की शाहू स्टेडियमच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. शाळकरी पोरांसाठी मात्र सगळ्यात मोठं नाव सुब्रतो. जिंकत गेलात तर थेट दिल्ली.

आम्ही दोघं बूट घ्यायला गेलो होतो. परत येताना गाडीवर मागून त्यानं विचारलं, "मामा, सुब्रतो म्हणजे कोण रे? जुना प्लेअर होता काय?"

"असंल," मी म्हणालो.

वास्तविक मी स्वतः नववीत असताना सुब्रतो खेळलोय. डिफेन्सला होतो, दुसऱ्याच फेरीत हरलो. सर्टिफिकेट अजून आईच्या कपाटात आहे. पण ते नाव माणसाचं आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. कपाचं नाव, बस्स.

रात्री मोबाइलवर शोधलं. झोप तशीही येत नव्हती. कारण ऑफिसचं होतं. मी कोल्हापुरातून घरबसल्या एका कंपनीसाठी काम करतो. दोन वर्षं एक अख्खं मॉड्यूल मी सांभाळलं होतं. रात्री तीनला सर्व्हर पडला की फोन मला यायचा. टीम लीडची जागा निघाली तेव्हा सगळ्यांनी धरलंच होतं की मीच. कंपनीनं बाहेरून माणूस आणला आणि वर मलाच सांगितलं, त्याला सगळं समजावून दे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून होता.

तर, सुब्रतो मुखर्जी. जन्म १९११, कोलकाता. फुटबॉलपटू म्हणून नव्हे, वैमानिक म्हणून नाव कमावलेला माणूस. १९३० साली इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात पहिली भारतीय मुलं पाठवली गेली, त्यातला एक. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि त्याच दिवशी या मुलांना कमिशन मिळालं. पाच जण वैमानिक. सहावे टंडन उंचीला कमी पडले, म्हणून ते जमिनीवरची व्यवस्था बघू लागले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, तेव्हा त्यांच्याकडं विमानं होती चार. वापिटी नावाची, दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची.

चार विमानांचं हवाई दल! आपल्याकडं याला स्टार्टअप म्हणतात. पण हे स्टार्टअप माणसं खाणारं होतं. पाचांतले दोघं, भूपिंदर सिंग आणि अमरजित सिंग, १९३३ सालीच अपघातात गेले. तिसऱ्याला एका अपघातानंतर सेवा सोडावी लागली. चौथे अवान, फाळणीनंतर पाकिस्तानच्या हवाई दलात गेले. राहिले एकटे मुखर्जी.

त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग मला फार आवडला. १९४० चा ऑगस्ट, वायव्य सरहद्दीवरचा वझिरिस्तान. डोंगरातली एक लष्करी चौकी टोळीवाल्यांनी घेरली होती. वरून मुखर्जींचं विमान आलं, तेव्हा कळलं की चौकीतल्या जवानांचा दारूगोळा संपत आलाय. विमानातून खाली टाकायला तयार पेटी वगैरे काही नव्हतं. मुखर्जी आणि मागच्या सीटवरचा शिपाई, दोघांनी मिळून आपल्याच मशीनगनच्या गोळ्या काढल्या, पायातल्या मोज्यांत भरल्या आणि मोजे खाली टाकले. रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर आम्हीही असलेच जुगाड करतो. फरक इतकाच, की आमच्याकडं कुणी मरत नाही.

१९३९ या सालापाशी मी जरा थबकलो. त्या जानेवारीत आमच्या राजाराम महाराजांनी उजळाईवाडीचा विमानतळ सुरू केला. मार्चमध्ये मुखर्जी स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचं नेतृत्व करणारे पहिले भारतीय. आणि त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं शारदा पंडित या मराठी मुलीशी. पंडित घराणं मूळ कोकणातलं. म्हणजे ज्यांना मी बंगाली प्लेअर समजत होतो, ते आंबा घाटाखालचे जावई निघाले.

पुढचा टप्पा १९४७. मुखर्जी तेव्हा छत्तीस वर्षांचे. स्क्वाड्रन सांभाळून झालं होतं, १९४३ मध्ये कोहाटचा हवाई तळही. तळ सांभाळणारेही ते पहिलेच भारतीय. देश स्वतंत्र झाला. आता हवाई दलाचा प्रमुख कोण? ब्रिटिश अधिकारी एल्महर्स्ट. त्यांच्यानंतर इव्हलॉ-चॅपमन, तेही ब्रिटिश. त्यांच्यानंतर गिब्स, पुन्हा ब्रिटिश. लष्कराला १९४९ च्या जानेवारीत करिअप्पांच्या रूपानं भारतीय प्रमुख मिळाला. मुखर्जी मात्र उपप्रमुखच.

हे वाचताना माझ्या पोटात काहीतरी ढवळलं. सहा वर्षांवर काळ, आणि खुर्चीत तिसरा बाहेरचा माणूस!

पण मग हिशेब मांडून बघितला. १९४७ साली सगळ्यात ज्येष्ठ भारतीय वैमानिकाची नोकरी झाली होती पंधरा वर्षं. स्क्वाड्रन, तळ यांच्यापलीकडं मोठं काही चालवल्याचा अनुभव कुणालाच नव्हता. त्यात फाळणीनं विमानं, तळ, माणसं, सगळ्याची वाटणी झालेली. आणि ऑक्टोबरात काश्मीर पेटलं. २७ तारखेपासून श्रीनगरच्या धावपट्टीवर सैन्य उतरवायला सुरुवात झाली. त्या लढाईत हवाई दलाच्या विंगचं नेतृत्व केलं मुंबईच्या हृषीकेश मूळगावकरांनी. १९४० साली भरती झालेला हा माणूस पुढं महावीर चक्र घेऊन १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाला. मुखर्जी उपप्रमुख होते, तेव्हा खाली अशी पुढची फळी तयार होत होती. प्रमुखपद मिळण्याआधी ते स्वतः लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. १ एप्रिल १९५४ रोजी, पहिलं स्क्वाड्रन निघालं त्याच तारखेला, ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. पुढच्या काही वर्षांत मिस्तेर, हंटर, कॅनबेरा, नॅट ही जेट विमानं आली. चार वापिटींपासून इथवर, एकाच माणसाच्या नोकरीत.

इथं लेख संपवला असता तर "धीर धरा, फळ मिळेल" असा फॉरवर्ड तयार झाला असता. पण गोष्ट तशी संपत नाही.

१९६० च्या नोव्हेंबरात एअर इंडियाची टोकियोची सेवा सुरू झाली. त्या पहिल्या विमानानं मुखर्जी जपानला गेले. ८ तारखेला तिथल्या एका हॉटेलात जेवताना घास घशात अडकला आणि गुदमरून ते गेले. वय एकोणपन्नास. वझिरिस्तानच्या डोंगरातून सुखरूप परतलेला माणूस एका घासानं गेला. त्यांच्या कल्पनेतून निघालेली शाळांची फुटबॉल स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली होती.

दोन वर्षांनी शारदाबाई लोकसभेला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मतदारसंघ रत्नागिरी. १९६७ ला पुन्हा तिथूनच.

म्हणजे थांबण्याची हमी कुणीच देत नाही. सात वर्षं थांबून त्यांना साडेसहा वर्षं मिळाली. शिवाय त्यांच्या थांबण्याशी माझी तुलनाही होत नाही. त्यांच्यापुढं देशाचं हवाई दल उभं करायचं होतं, माझ्यापुढं अप्रेझल. पण एक गोष्ट मनातून जाईना. खुर्ची दुसऱ्याकडं असताना हा माणूस रिकामा बसला नव्हता. मी मात्र गेले दोन महिने नव्या लीडला मुद्दाम अर्धीच माहिती देत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

भाच्याची मॅच बघायला गेलो. तो बदली खेळाडू होता. सगळा वेळ बाकावर, गुडघे हलवत. शेवटची आठ मिनिटं त्याला आत घेतलं. एक चांगला टॅकल केला, पण संघ हरला. गाडीवर तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आधी घेतलं असतं तर..."

"व्हय," मी म्हणालो. "कदाचित."

मग त्याला मोज्यांची गोष्ट सांगितली. त्यानं दोनदा विचारलं, "खरंच? स्वतःचे मोजे?" घर येईपर्यंत तो हसत होता.

राजीनामा मी अजून पाठवलेला नाही. पाठवणारच नाही, असंही नाही. पण सोमवारी मॉड्यूलची सगळी माहिती नीट लिहून काढली आणि लीडसकट टीममधल्या सगळ्यांना पाठवली. रात्री तीनला फोन आता आम्ही पाळीपाळीनं घेतो.