शेपटाकडून उघडणारी फाईल

झिप फाईल उघडताना प्रोग्राम पहिल्या बाइटपासून वाचत बसत नाही. तो थेट शेपटाशी जातो आणि मागे मागे सरकत ५० ४बी ०५ ०६ हे चार बाइट शोधतो. ते सापडले की आत किती फायली आहेत आणि त्यांची यादी कुठून सुरू होते, हे कळतं. यादीत प्रत्येकीचं नाव, आकार, जागा. मग हवी तेवढीच फाईल उचलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. ५० ४बी म्हणजे 'पीके', फिल कॅट्झची आद्याक्षरं. १९८९ मध्ये त्याने हा प्रकार आणला. आजची वर्डची डॉक्सएक्स फाईलही आतून झिपच; हेक्स एडिटरमध्ये उघडा, सुरुवातीलाच 'पीके' दिसेल.

यादी शेवटी, कारण सगळा माल भरल्याशिवाय कोण कुठे बसलं हे ठरत नाही. सोय उत्तम, पण शेपूट तुटलं की पंचाईत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा लोकांनी घाईघाईने हिशेब झिप करून पेन ड्राइव्हवर चढवले. मध्येच लाइट गेली. पाणी ओसरल्यावर अशा अर्धवट झिप दुरुस्तीसाठी माझ्याकडे आल्या. सुरुवात ठीक, यादीचा पत्ता नाही, आणि प्रोग्राम म्हणतो फाईल खराब. खराब कसली, अपुरी! प्रत्येक फाईलच्या डोक्यावरही ५० ४बी ०३ ०४ ने सुरू होणारी छोटी पाटी असते, तिच्यात नाव असतं. त्या पाट्या धरून पुढे जायचं. काही पाट्यांवर आकाराच्या जागी शून्य असतं, पण डिफ्लेट या झिपच्या नेहमीच्या पद्धतीने दाबलेला मजकूर आपला शेवट स्वतःच सांगतो. उलगडत जायचं, संपेल तिथे थांबायचं.

साताऱ्याहून आलेल्या एका झिपची गंमत वेगळीच. नावं मराठी, पण यूटीएफ-८ ची खूण केलेली नव्हती. प्रोग्रामने ती आयबीएमच्या जुन्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरतक्त्यातून वाचली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, पहिला ई०, आणि त्या तक्त्यात ई० म्हणजे ग्रीक अल्फा. 'सातारा'त काने धरून सहा अल्फा!

तुटलेल्या झिपमधली शेवटची फाईल मात्र अर्धीच उलगडते, सीआरसी या पडताळणीच्या आकड्याचा ताळा जमत नाही. 'रिपेअर' म्हणवणारी काही सॉफ्टवेअर ती पूर्ण असल्यासारखी हातात देतात. हिशेबाच्या बाबतीत मला हे भयंकर वाटतं. मी ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, नावापुढे 'अपुरी' लिहितो आणि नोंदी कुठल्या तारखेपर्यंत आहेत ते फोन करून सांगतो.