फार न उडालेलं विमान

सुट्टीवर संगमनेरला आलोय, पण डोक्यात नागपूरच्या हँगरमध्ये आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं ते जुनं बिझनेस जेट. मालक म्हणतो, ‘फार उडालेलंच नाही!’ अहो, तेच तर दुखणं. उभ्या विमानाला दमट हवा खाते. शौचालयाखालची फळी उचलली तर रंग फुगलेला, खाली अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड. ती घासून काढायची, उरलेली जाडी मोजायची. मर्यादेखाली गेली तर तेवढा भाग कापून वर जोडपत्रा रिव्हेटनं बसवायचा. रिव्हेटच्या भोकाशी सुटलेली भेग डोळ्यांना सहसा दिसत नाही, एडी करंट तपासणीनं सापडते. १९८८मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंगचं छप्पर हवेत उडालं ते अशाच भेगा एकमेकींना मिळून. इथं, काकडी गावच्या शिर्डी विमानतळाकडे उतरणारं चकचकीत जेट आई कौतुकानं दाखवते. माझं लक्ष त्याच्या पोटाकडे. पाणी तिथंच साचतं.