वरणात मिसळलेली गोळी

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता हा आजार घरात शिरला, की कुटुंबाचा रोजचा वाद बहुधा एका लहानशा गोळीभोवती फिरू लागतो. महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. देवळ्यासारख्या कसमादे पट्ट्यातील गावातून मानसोपचारासाठी अनेकदा मालेगाव किंवा नाशिक गाठावे लागते. दुकान बंद ठेवून, एसटीने दिवस खर्चून आणलेले औषध मुलगा तोंडात घालत नाही, तेव्हा आईवडिलांचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. मग एके दिवशी गोळी कुटून वरणात मिसळली जाते.

या कृतीमागे माया असते, यात शंका नाही. तथापि तिचा परिणाम रुग्णाच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. आपल्या अन्नात कोणीतरी काही कालवते, असा संशय या आजारात अनेकांना येतो. घरचे समजावतात, “अरे, तुझ्या ताटात कोण काय घालणार?” आणि त्याच ताटात गोळी असते. वरण कडू लागते त्या दिवशी त्याचा भ्रम खरा ठरतो. औषधावरचा विश्वास आधीच डळमळीत होता. आता आईच्या हातच्या अन्नावरचाही जातो. शिवाय वरण अर्धे टाकले तर मात्राही अर्धीच पोटात जाते. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर तिचा अंमल एकदम होतो. डॉक्टरांपुढे खरे चित्र येतच नाही.

रुग्ण औषध का नाकारतो, हे त्याला क्वचितच विचारले जाते. कित्येकदा हा आजार आपण आजारी आहोत ही जाणीवच हिरावून घेतो. जाणीव असलेल्यांचीही कारणे असतात. हात थरथरतात, अंग जड होते, वजन वाढते, दिवसभर झापड येते, कधी एका जागी बसवत नाही. रोजची गोळी ‘तू वेडा आहेस’ असे बजावते, अशीही अनेकांची भावना असते. सोयरिकीच्या बोलण्यात घरच्यांनी औषधाची चिठ्ठी लपवली, तर ती अधिकच पक्की होते. त्यातून औषध थांबवल्यावर लगेच काही बिघडत नाही. आजार काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उलटतो. तोवर ‘गोळीची गरजच नव्हती’ असा समज दृढ झालेला असतो.

औषधाचे मोल यामुळे कमी होत नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाला आणि असंख्य रुग्णांना कोंडवाड्याबाहेरचे आयुष्य शक्य झाले. उपचारांऐवजी साखळदंडांवर भिस्त ठेवली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले. तेथील आगीत बांधून ठेवलेल्या २८ मनोरुग्णांचा अंत झाला.

साखळदंड आणि लपवाछपवी यांहून वेगळी वाट मराठी माणसांनीच चालून दाखवली आहे. मूळचे धुळे परिसरातील व कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हा आजार दीर्घकाळ जवळून पाहिला. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. तेथील स्वमदत गटांत रुग्ण व नातलग आजाराविषयी मोकळेपणाने बोलू लागले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटामुळे हाच विषय घराघरात पोहोचला.

जैन कुटुंबांत आणखी एक पेच असतो. झापड येणारी औषधे बहुधा रात्री दिली जातात आणि घरात चौविहार पाळला जातो. अशा वेळी व्रत आणि गोळी यांपैकी एक निवडण्याची पाळी रुग्णावर आणू नये. सूर्यास्तापूर्वीची वेळ चालेल का, कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळेल का, दोन-चार आठवड्यांनी घेण्याचे इंजेक्शन योग्य ठरेल का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. पर्युषणात अठ्ठाई करण्यापूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा. औषध परस्पर थांबवू नये. प्रत्याख्यानात समाधी टिकवण्यासाठी आगार ठेवलेले असतात, हे महाराजसाहेबांकडून रुग्णाला समजले, तर त्याच्या मनावरचे ओझे निश्चित हलके होईल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही रुग्णाच्या शब्दाला मान दिला आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे सज्ञान व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. प्रकृती स्थिर असताना घरच्यांनी सोबत बसून हा कागद करावा. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

“गोळी घेतलीस का?” हा प्रश्न घरोघरी रोज विचारला जातो. त्याच्या जोडीला “ती घेतल्यावर तुला काय होते रे?” हेही विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येते. गोळी ताटाशेजारी, पाण्याच्या पेल्याबरोबर, उघडपणे ठेवावी. ती उचलायला त्याला काही दिवस अधिक लागतील. पण ताटातले वरण तो निर्धास्तपणे जेवेल.