व्यवसाय : सेवानिवृत्त

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. मोतीबिंदूचं निमित्त होतं, पण खरं कारण आळस. गेल्या आठवड्यात कपाट आवरायला काढलं आणि खालच्या कप्प्यात धाकट्या भावाची दवाखान्याची फाइल सापडली. त्याच्या आजारपणात कागद सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मास्तरीण ना मी! तो जाऊन आता काही वर्षं झाली, २०१९ साली गेला. फाइल टाकून द्यावी म्हणून उघडली आणि पहिल्याच पानावर अडकले.

नाव, वय ६३, मुक्काम शेलार, तालुका भिवंडी. त्याखाली 'व्यवसाय : सेवानिवृत्त'. त्याखाली 'सवयी : तंबाखू, ३४ वर्षे'.

आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरते. सेवानिवृत्त हा काय व्यवसाय झाला? तोंडात किती वर्षं काय धरलं त्याचा हिशेब आहे, पण ३७ वर्षं पोलिसात काय केलं त्याचा एक शब्द नाही.

भाऊ १९७६ साली पोलिसात लागला. त्यातली दोन खेपांत मिळून सोळा वर्षं वाहतूक शाखेत गेली. आमच्या भागातले जे वाचक आहेत त्यांना अंजूरफाटा, वंजारपट्टी नाका, माणकोली ही नावं उच्चारली की पुरे, पण बाहेरगावच्यांसाठी सांगते. आधी इथे यंत्रमागांसाठी सुताचे आणि कापडाचे ट्रक यायचे. मग शेतं विकली गेली, तिथे गोदामं उभी राहिली आणि न्हावाशेव्याच्या बंदरातून कंटेनर येऊ लागले. पावसाळ्यात खड्डे पडले की तासन्‌तास रांग. रांगेतला ट्रक इंजिन बंद करत नाही, उभ्या उभ्या धूर सोडतो. आपण रिक्षात बसून नाकाला पदर लावतो आणि अर्ध्या तासात सुटतो. त्या रांगेच्या मध्ये पांढरा शर्ट घालून जो उभा असतो तो संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.

त्या पांढऱ्या शर्टाचं वहिनीला विचारा. कॉलर आणि बाह्या रोज रात्री साबण लावून भिजत घालायची. सकाळी बादलीतलं पाणी काळं. भाऊ नाक शिंकरायचा तर रुमालही काळा. तो हसून म्हणायचा, "ताई, सरकार पगार देतंय, वर काजळ फुकट." आम्हीही हसायचो.

आता तंबाखूचं. ती त्याला १९८४ साली लागली. त्या मे महिन्यातल्या भिवंडीच्या दंगलीची आठवण आमच्या वयाच्या सगळ्यांना आहे. संचारबंदी, जळालेली घरं, रात्री कुत्रं भुंकलं तरी धस्स व्हायचं. भाऊ ठाण्याहून बंदोबस्ताला आला होता. स्वतःचं घर दोन-तीन मैलांवर, पण कित्येक दिवस घरी येता आलं नाही. जेवणाची वेळ नाही, झोपेची नाही. एका जुन्या हवालदाराने चिमूट हातावर ठेवली आणि सांगितलं, भूक मरते आणि डोळा लागत नाही. झालं. दंगल शमली, चिमूट राहिली. म्हणजे ही सवयसुद्धा त्याला नोकरीनेच लावली, हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. तोवर मी फक्त त्याला बोलत राहिले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले तेव्हा मी वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्याच्यापुढे ठेवलं. कितीतरी वर्षं ते राज्याचे गृहमंत्री, म्हणजे पोलिसांचे सर्वांत वरचे साहेब. त्यांच्याच काळात, २०१२ साली, राज्यात गुटखाबंदी आली, पण तंबाखू काही सुटली नाही. भावाने कात्रण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आबांना निदान नाक्यावर तरी उभं राहायला लागलं नाही गं." मला वाटलं, नेहमीसारखा विषय टाळतोय.

२०१८च्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला. आधी स्थानिक औषधं, मग क्षयाची तपासणी, मग मुंबई. निदान झालं फुप्फुसाच्या कर्करोगाचं. विडी-सिगारेट त्याने कधी ओढली नाही. तरी आम्ही सगळ्यांनी, आणि सर्वांत आधी मी, ठरवून टाकलं की तंबाखूने केलं. भेटायला येणाराही तेच बोलायचा. भाऊ काही म्हणायचा नाही. आजारी माणसाला गुन्हेगारासारखं बसलेलं मी तेव्हा पाहिलं.

मग एक दिवस एक तरुण डॉक्टरीण आली. माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींच्या वयाची असेल. तिने विचारलं, "काका, नोकरी कसली होती? रोज किती तास रस्त्यावर?" भाऊ उशीवरून उठून ताठ बसला आणि साहेबाला रिपोर्ट द्यावा तसा बोलू लागला. कुठला नाका, किती वर्षं, सकाळी किती वाजल्यापासून. ती ऐकत होती. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. ती म्हणाली, "खायच्या तंबाखूने मुख्यतः तोंड, अन्ननलिका, स्वादुपिंड यांना धोका असतो. फुप्फुसाच्या बाबतीत धुराचा विचार करायला हवा. पण एका माणसाच्या बाबतीत नेमकं कशाने झालं हे मी सांगू शकणार नाही, आजी." त्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तिने निळ्या शाईने लिहिलेलं अजून आहे : 'ट्रॅफिक पोलीस, १६ वर्षे'.

मी मराठीची शिक्षिका, विज्ञानाची नाही. पण त्या दोन शब्दांनी मला वाचायला लावलं. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला इतर प्रश्न विचाराल त्यात त्याचा धंदा कोणता हेही विचारा. तीनशेहून जास्त वर्षं झाली म्हणायची! जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियाँ शहरात आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग 'बहुधा' होतो असं तिने १९८८ साली म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये 'बहुधा' गेला आणि डिझेलचा धूर पहिल्या गटात आला, ज्यात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत. (गट पुराव्याच्या पक्केपणावरून ठरतो, धोका सारखाच असं नव्हे. हे मलाही उशिरा कळलं.) २०१३ साली बाहेरची प्रदूषित हवाही त्याच गटात आली. रात्रपाळीचं काम २००७ पासून 'बहुधा'च्या गटात आहे. २०२२ मध्ये अग्निशामक जवानांचा पेशाच पहिल्या गटात गेला. पोलिसांचा पेशा म्हणून वेगळा उल्लेख त्या यादीत नाही. पण ज्या धुरात तो उभा राहतो आणि ज्या रात्री तो जागतो, त्यांची नावं आहेत. डिझेलचे कण इतके बारीक, की भावाने तोंडाला बांधलेला ओला रुमाल त्यांच्यासाठी उघडं दारच.

पण सिद्ध कसं करायचं, असा प्रश्न येतोच. माझा न्यू जर्सीतला भाचा हे वाचेल, त्याला ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या पोलीस दलातले २३ जण त्या मनोऱ्यांपाशी गेले. त्यानंतर धुळीत काम करून आजारी पडून जे गेले त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. तिथे २०१२ पासून कर्करोगही सरकारी आरोग्य योजनेत धरले जातात. कॅलिफोर्नियात तर ठरावीक अटींमध्ये पोलिसाला कर्करोग झाला, की तो कामामुळे झाला असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते. आपल्याकडे असं होणारच नाही असंही नाही. करोनात कर्तव्यावर असताना लागण होऊन गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांसाठी राज्य सरकारने ५० लाख रुपये जाहीर केले होतेच ना? विषाणू नेमका कुठल्या नाक्यावर लागला, हे तरी कुणाला सांगता आलं असतं?

तासांबद्दलही तसंच. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांची ड्यूटी सुरू करून पाहिली गेली. कल्पना एका शिपायाचीच होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. भाऊ तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बातमी वाचून म्हणाला, "आठ तास? मग उरलेल्या वेळात माणूस करणार काय?" त्याला खरंच कळेना.

असो. आता हे सगळं उगाळायचं कारण असं, की त्याचा मुलगाही पोलिसात आहे आणि दिवाळीपासून वाहतुकीला आहे. रविवारी आला होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहाच्या गाड्या विकल्या जातात, धूर कमी झालाय, असं मला समजावून सांगत होता. नव्या गाड्यांचं खरंही असेल. पण आमच्या रस्त्यावरचे जुने ट्रक मला गॅलरीतून दिसतात. तंबाखू खात नाही, एवढं मात्र त्याने मला फाइलवर हात ठेवून सांगितलं.

मी विचारलं, "तू कुठे किती तास उभा होतास हे कुठे लिहिलेलं राहतं का रे?" तो म्हणाला, "सेवापुस्तकात नेमणूक असते, आत्या. नाक्यावरचे तास कोण लिहितंय?"

घरात कोऱ्या वह्यांना तोटा नाही. एक दोनशे पानी काढली, समास आखून दिला आणि रकाने पाडले : तारीख, ठिकाण, तास, मास्क होता की नाही. तो हसला, पण घेऊन गेला. काल रात्री पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय. चार ओळी झाल्यात. चौथी अशी आहे : माणकोली, साडेबारा तास, मास्क दुपारपर्यंत. अक्षर बापासारखंच, उजवीकडे कललेलं.